बोटीवरची गच्ची

अण्णा,

सेठची बोट मी विकायला काढली होती. कुणाला विचारून, असं तुम्ही लगेच म्हणाला असतात, म्हणून आधीच सांगते की फोन सेठनीच केला होता. आता ते बराचसा वेळ मुलाकडे परदेशात असतात. बोट बेलापूरच्या जेट्टीला नुसती बांधलेली. ती चालवणारा तांडेल अधूनमधून येऊन इंजिन सुरू करून बघतो, तेवढाच तिला व्यायाम. सेठ म्हणाले, तुझ्या बापाच्या हातची वस्तू आहे, गिऱ्हाईक तूच बघ. बापाच्या हातची, हे ते नेहमी कौतुकाने म्हणतात आणि मी नेहमी विषय बदलते. पावणे गावातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये तुम्ही तिचा मोठा फोटो लावला होतात, तो अजून तिथेच आहे. नवीन माणूस आला की आधी फोटो बघतो आणि मग माझ्याशी बोलतो. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं मला बोटींच्या इंटिरियरची कामं मिळाली ती त्या एका बोटीच्या जिवावर, हे नाकारून कसं चालेल? आणि त्या बोटीत काय चुकलंय, हे तुमच्यामागे फक्त मला माहीत होतं.

मला तिची पहिली आठवण आहे ती आपल्या स्वयंपाकघरातली. घणसोली गावातली ती भाड्याची खोली, एका भिंतीला ओटा, आणि तुम्ही गुडघ्यावर बसून फरशीवर खडूने बोट काढताय. तोवर तुम्ही महाप्याच्या कंपन्यांमध्ये केबिनी आणि टेबलं करत होतात. सेठच्या ऑफिसचं काम तुमचंच. त्यांनी बाहेरून तयार यॉट आणली आणि ती त्यांना आपल्या मनासारखी करून हवी होती. वर मोकळा डेक होता, त्यावर कापडी छत. ते काढून तिथे पक्कं छप्पर, ग्रॅनाइटचा काउंटर, सागवानी बाकं, आणि त्यांच्या आईसाठी पितळी कड्यांचा झोपाळा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सेठ, हे माझं काम नाही. तुम्ही घरात आम्हाला प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचात आणि बाहेर कुणालाही नाही म्हणता यायचं नाही तुम्हाला. वरच्या डेकला तुम्ही गच्ची म्हणायला लागलात. आई चपात्या लाटत होती. ती म्हणाली, ओट्याखाली रेघा मारू नका, माझ्या पायाने पुसल्या जातील. तुम्ही रेघा हलवल्या नाहीत, तिलाच पोळपाट घेऊन बाजूला बसायला सांगितलंत.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्कशॉपमध्ये डबा द्यायला आले असताना कारीगर ग्रॅनाइटची लादी उतरवत होते, आणि मी आपलं साधं विचारलं, की एवढं सगळं वजन वर जाणार, तर बोटी डिझाइन करणाऱ्या कुणाला तरी एकदा विचारायचं का? कारीगर हातातलं काम थांबवून बघायला लागले. तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "पाण्यावरचा फ्लॅटच आहे तो. लेव्हल लागली की काम संपलं. तू चहा सांग." मी चहा सांगितला. कान तापले होते माझे. पण काम मात्र तुम्ही असं केलंत की मलाही गप्प बसावं लागलं. सागवानाचा सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनसुद्धा कळत नव्हतं. छपराच्या आतल्या बाजूला तुम्ही वेताचं विणकाम लावलं होतंत, ते बघायला सेठचे पाहुणे मान वर करून उभे राहायचे. त्या वेळी मला तुमचा अभिमान वाटला होता आणि राग गेला नव्हता.

मग तो पहिला फेरफटका. सेठची सगळी मित्रमंडळी गच्चीवर, गाणी लागलेली, आणि तांडेलने बोट वळवली. ती कलली. बोट कलतेच, त्यात काही नाही. पण कलल्यावर लगेच उठायला हवी तशी ती उठली नाही. तिथेच थांबली, जणू विचार करत होती. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तुमच्याकडे बघितलं तर तुमचा पंजा काउंटरवर दाबलेला, नखं पांढरी पडलेली. मग ती उठली आणि तुम्ही कुणाला तरी सरबत हवंय का ते विचारायला गेलात. पुढच्या आठवड्यात खाली वजन वाढावं म्हणून तुम्ही तिच्या तळात लोखंडी लाद्या टाकल्यात, जिन्याच्या तोंडाशी पितळी साखळी लावलीत. त्याने थोडा फरक पडला, पुरेसा नाही. त्यानंतर सेठनी पाहुणे नेले की तुम्हाला बोटीवर काही ना काही काम निघायचं. बिजागरीला तेल घालायचंय, कपाटाचं दार अडकतंय. तुम्ही जिन्याशी उभे राहून चार-चार माणसं वर सोडायचात, बाकीच्यांना सांगायचात की वरचं पॉलिश ओलं आहे. सेठना वाटायचं, किती जीव आहे या माणसाचा कामावर. आईला वाटायचं, यांना मोठ्या लोकांत मिरवायची चटक लागली. मला खरं काय ते कळत होतं. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. जेवायला बसलो की बोटीचा विषय सोडून आपण सगळं बोलायचो.

तुम्ही गेलात, त्याच सुमारास सेठचं पार्ट्या करणंही कमी झालं, आणि मी मनाशी म्हटलं, चला, सुटलो. तांडेलला बजावून ठेवलं की जिन्याची साखळी काढायची नाही. तो दिवाळे गावचा, वयाने माझ्याएवढाच. त्यानेही कधी का म्हणून विचारलं नाही.

गिऱ्हाईक मिळालं ते वाशीच्या मार्केटमधलं. कांद्याचे मोठे व्यापारी, मूळचे साताऱ्याकडचे. आधी एकटेच येऊन बघून गेले. त्यांच्या माणसाने इंजिन तपासलं, तळ तपासला, सगळं ठीक निघालं. कागदावर बोटीत एकूण किती माणसं न्यायची ते लिहिलेलं असतं, त्यातली वर किती आणि खाली किती, हे कोणी विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. मी ठरवलं होतं की पाण्यात एक चक्कर मारून आणायची आणि मग शांतपणे सगळं सांगायचं. चक्करच्या दिवशी बघते तर दोन गाड्या भरून खानदान. भाऊ, भावजया, मेहुणे, पोरं, आणि नऊवारीतली त्यांची आई. सोबत नारळ, पेढे, बोटीला घालायला झेंडूचा हार. आपली माणसं फ्लॅट बघायला जशी जातात, तशीच आली होती. त्यांच्या आनंदात माझं शांतपणे सांगणं कुठे बसवायचं ते मला कळेना. भरती ओसरायला लागली होती, थांबून चालणार नव्हतं. आम्ही निघालो.

खाडीतून बाहेर पडेपर्यंत सगळे खालीच होते. पोरं केबिनमधल्या गाद्यांवर उड्या मारत होती, बायका छोटं किचन उघडून बघत होत्या, आणि मी जिन्यापाशी उभी होते. मग त्या आजी आल्या. म्हणाल्या, "वर झोपाळा हाय म्हनं." साखळी निघाली आणि त्या वर गेल्या. त्यांच्यामागे सुना, सुनांमागे पोरं, पोरांमागे त्यांना सांभाळायला बाप. मीही गेले. गच्चीवर वारा होता, सगळे खुशीत होते. व्यापारी माझ्याशेजारी कठड्याला टेकून त्यांचा बेत सांगत होते. या वर्षी गणपतीचं विसर्जन या बोटीवरून करायचं, गावाकडचे पाहुणेही बोलवायचे, आणि मध्ये जाऊन सगळ्यांनी गच्चीवर आरती म्हणायची. वर आरामात मावतील की सगळी, असं म्हणून ते छपराकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे आलं की मूर्ती पाण्यात सोडताना ती सगळी माणसं एकाच कठड्यावर वाकणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात एका मुलीने फ्लेमिंगो बघितले.

डावीकडच्या चिखलावर गुलाबी थवा उतरला होता. सगळे धावले. फोन बाहेर आले, लहान मुलांना उचलून घेतलं गेलं. पायाखालचा डेक झुकला आणि झुकतच गेला. काउंटरवरचा पेढ्यांचा बॉक्स घसरून खाली पडला. झोपाळा एका बाजूला गेला तो तिथेच लटकून राहिला, परत येईना, आणि त्यावर आजी दोन्ही कड्या घट्ट धरून बसलेल्या. गच्चीच्या पुढच्या टोकाला सुकाणू धरलेल्या तांडेलने माझ्याकडे मान वळवली. आवाज न चढवता म्हणाला, "ताय, बोट उठत नाय." मला तुमचा तो पंजा दिसला. कठड्यापलीकडे पाणी जिथे दिसायला नको तिथे दिसत होतं. मी म्हटलं, "सगळ्यांनी आहात तिथेच खाली बसा. कोणी धावायचं नाही." माझा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा निघाला, कारीगरांना दम देतानाचा. आधी एक सून बसली, मग पोरं, मग बाकीचे. तांडेलने वेग उतरवला. मी एकेकाला बसल्या बसल्या मागे सरकायला लावलं. बोट थांबली होती तशीच थांबून राहिली, आणि मग हळूहळू, जिवावर आल्यासारखी, सरळ झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बोटीवर असंच असतं.

खाली आल्यावर कुणाच्याच चेहऱ्यावर भीती नव्हती. नारळ पिशवीतून बाहेर निघाला. व्यापारी म्हणाले, "तुमच्या वडिलांचं काम म्हटल्यावर बघायलाच नको. आमच्याकडून पक्कं समजा." सगळे माझ्याकडे हसून बघत होते. अण्णा, त्या वेळी गप्प बसणं किती सोपं होतं. वर फार माणसं नेऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी माझं कर्तव्य झालं असतं. पण विसर्जनाच्या दिवशी जिन्याशी उभं कोण राहणार होतं? पॉलिश ओलं आहे म्हणून कोण सांगणार होतं? मी म्हटलं, "वरचं काम चुकलेलं आहे. एवढं वजन तिथे द्यायलाच नको होतं. माझ्या वडिलांनी केलंय ते, आणि त्यांना ते कळलंही होतं." तुमच्याबद्दल असं चारचौघांत मी पहिल्यांदाच बोलले. वाटलं होतं की जीभ अडेल. नाही अडली.

व्यापाऱ्यांनी नारळ खाली ठेवला. ते चिडतील, अशी मी तयारी केली होती. चिडले नाहीत. आधी आपल्या आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग आमची आई वर चढली तवा तुमी काय करत होता?"

मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

बोट जेट्टीकडे वळली. त्यांच्या धाकट्या भावाने हार परत पिशवीत भरला. उतरताना आजींनी मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो मला सगळ्यात जड गेला. सेठना फोन केला तेव्हा ते भडकले. इतकी वर्षं मी त्यात लोक फिरवले आणि तू आत्ता सांगतेस, म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. वरचं सगळं मी माझ्या खर्चाने काढते, त्याशिवाय ती कुणाला विकू देणार नाही, असं मी सांगितलं. मग त्या बोटीत राहिलं काय, असं विचारून त्यांनी फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा फोन करून म्हणाले, काढ. परवापासून काम सुरू आहे. छप्पर निघालं, काउंटर निघाला. तुमचे सांधे इतके पक्के आहेत की कारीगर वैतागलेत, ग्राइंडर लावल्याशिवाय काही सुटत नाही. आईला मी सांगितलंय की बोटीचं रंगकाम चाललंय. हे लिहिलेलं तिला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोहोचायचा प्रश्नच नाही, म्हणून राहिलेलं एवढंही लिहून टाकते.

माझं लक्ष होतं, अण्णा. मी जिन्याशीच उभी होते. आजी आल्या तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं मीच चुकीचं धरून बसले असेन. त्या लोखंडी लाद्यांनी काम केलं असेल. आज बोट भरेल, वळेल आणि झटकन उठेल, आणि तुम्ही बरोबर होतात असं एकदाचं ठरेल. मला ते इतकं हवं होतं की साखळी मी माझ्या हाताने काढली, आणि त्यांच्या कोपराला धरून त्यांना पहिल्या पायरीवर मीच चढवलं.