कॅमेऱ्यापुढचा नमस्कार

शारजा

चि. तृप्ती,

बाबाचा तुले अन् आईले जयभीम. मी मजेत आहो. गुडघा जरासा दुखते, पण कामावर जातो. आईचा खोकला थांबला का?

तुही भंडाऱ्याची मॅरेथॉन आम्ही खोलीतल्या सगळ्यायनं मोबाइलवर लाइव्ह पाहिली. पुलावरच्या कॅमेऱ्यात तू सगळ्यायच्या पुढं होती. मी पाहून राहिलो हे तुले माहीत, म्हणून तू थांबली अन् कॅमेऱ्यापुढं वाकून नमस्कार केला! तेवढ्यात दोघी पुढं निघून गेल्या. असं कायले केलं, बाई? फोनवर मले रागावता आलं नाही, म्हणून लिहून राहिलो.

पुढच्या वेळी थांबू नको. तू वाकायच्या आधीच माहा हात इकडं आशीर्वादाले उठला होता.

तुहाच बाबा,
परसराम