बाबांचा जूनमधला फोन

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१२ मे

प्रिय डेल,

तू बरा असशील, घरी सगळं ठीक असेल असं धरून चालते. तुझ्या नोराच्या दातांना तारा बसवल्या असं आईकडून कळलं. तिला माझा पापा दे, नको म्हणाली तरी दे.

इकडे माझं नेहमीचंच. ॲलर्जीच्या प्रशिक्षणाची दोन वर्षं जूनअखेर संपतील. बराचसा वेळ इंजेक्शनं देण्यात जातो. मंगळवारी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना त्याचा कण कण खायला घालायचा आणि दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. परवा सहा वर्षांच्या एका मुलीनं चार दाणे पचवले आणि विचारलं, "आता मी दुसऱ्यांच्या वाढदिवसाला केक खाऊ शकते?" तिची आई तोंड फिरवून रडत होती.

नऊ महिने झाले आपण बोललो नाही. केकच्या गप्पा मारायला मी हे पत्र लिहीत नाहीये.

गेल्या बुधवारी कोवाल्चिक नावाचे एक म्हातारे शेतकरी आले. गांधीलमाशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या, भोवळ आली होती. मुलीनं जवळजवळ ओढूनच आणलेलं. "डॉक्टरीणबाई, आयुष्यभर चावतात त्या मला. एक गोळी द्या नि सोडा!" मी सोडलं नाही. माशी चावली की लगेच मांडीत टोचायच्या ॲड्रेनॅलिनच्या दोन सुया लिहून दिल्या, कायम खिशात ठेवायच्या म्हणून बजावलं, तपासणीची तारीख ठरवली. गांधीलमाशीच्या विषावरच्या लसीचा कोर्स करावा लागेल, हेही सांगितलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

मग सामानाच्या खोलीत जाऊन बसले.

बाबांना दफन केलं त्या दिवशी, चर्चच्या पायऱ्यांवर तू मला विचारलंस, "तू हेच शिकतेस ना? मग तुला कसं कळलं नाही?" मी म्हणाले, "ते मला कधी काही बोललेच नाहीत."

डेल, मी खोटं बोलले.

जूनमध्ये त्यांचा फोन आला होता. दुपारी, दोन पेशंटच्या मधे. "लोरी, मधमाशी चावली गं. अंगभर गांधी उठल्यात. जरा गरगरलं, मग ट्रकमध्ये बसून राहिलो. आता ठीक आहे."

माझा एक हात दाराच्या मुठीवर होता. "घरात ॲलर्जीची गोळी आहे ना बाबा? ती घ्या. ऑक्टोबरमध्ये इकडे याल तेव्हा बघू."

"डेलला सांगू नकोस हं. मधमाश्यांच्या सगळ्या पेट्या विकायला लावेल."

मी हसले. म्हणाले, "नाही सांगत."

त्याच आठवड्यात मी तीन अनोळखी माणसांना त्या सुया लिहून दिल्या होत्या. पहिल्या महिन्यातला शिकाऊ डॉक्टरसुद्धा बाबांना तसं सोडणार नाही. मला सगळं ठाऊक होतं. पण ते बाबा होते, त्यांना काही होईल असं मला वाटलंच नाही.

ऑगस्टमध्ये तू नोराला पोहण्याच्या शर्यतीला घेऊन गेलास आणि त्यांना म्हणालास, मध तेवढा काढून ठेवा. त्या दुपारी त्यांना पुन्हा मधमाशी चावली आणि ते माळावर, पेट्यांपाशीच गेले. जूनचं तुला माहीत असतं, तर तू त्यांना पेट्यांच्या आसपास फिरकू दिलं नसतंस. ते माहीत फक्त मला होतं.

तू सगळ्या पेट्या देऊन टाकल्यास, माळाकडच्या रस्त्यानं गाडी नेत नाहीस, "मीच पाठवलं त्यांना" म्हणतोस, हे आईनं मला नाताळातच सांगितलं. तरी मी गप्प राहिले.

काल आईला फोन करून सारं सांगितलं. ती म्हणाली, "तो आतल्या आत जळतोय आणि तू नुसती ऐकत बसलीस?" फोन ठेवला तिनं. आज सकाळपासून उचलत नाहीये.

मला माफ कर असं लिहायला बसले होते, पण तो शब्द लिहवत नाही. हे पत्र तू आईला वाचून दाखव, नोरा मोठी झाली की तिलाही दे. तिच्या बापाच्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे तिला माझ्या अक्षरात वाचू दे.

बहीण म्हणायचं की नाही ते तुझ्यावर सोडून,
लोर्ना