बाबाला सर्दी झालीय

झोपाळूराव,

ठकीला घेऊन समुद्रावर चाललेय. पाऊस आहे, माहितेय. आलो तेव्हापासून आहेच. रेनकोट, बूट, टोपी, सगळं घातलंय तिला, तेव्हा धावत मागे येऊ नकोस.

वॉर्डातल्या प्रत्येकीशी ड्यूटी बदलून ही सुट्टी जमवली, ती लेकीबरोबर वाळूत किल्ला करायला. आणि काल तू खोलीत खुर्च्यांवर चादरी टाकून तंबू केलास, तर बाईसाहेबांनी मला बाहेरच अडवलं, "आई, हे माझं आणि बाबाचं घर आहे." तू हसलास. मीही हसले, पण आतून नुसता जळफळाट. वर्षभर तुझ्याच मागेमागे असते रे ती. इथे तरी माझ्या वाट्याला येऊ दे.

तंबू मोडलाय. चादरी कपाटात आहेत. सॉरी म्हणणार नाही.

चहा थर्मासमध्ये आहे.

अजून एक. निघताना ती दारातच अडून बसली, "बाबा का नाही येत?" मी ठोकून दिलं, बाबाला सर्दी झालीय. तर तिचा तो सशाचा रुमाल, ज्याला मला बोटही लावू देत नाही, तो तुझ्या उशाशी ठेवून आली.

आता आम्ही परत आलो की निदान शिंक तरी.