कराडपर्यंतची खरखर

प्रिय संयू,

सकाळपासून तीनदा लिहून फाडलं. दोन तास मैदान गाजवणाऱ्या माणसाला लेकीपुढे चार ओळी सुचू नयेत!

गाडीतल्या खरखरीचं तुला कळवलं होतंच. आपल्या जुन्या रेडिओला फोन जोडायची सोय नाही, म्हणून ड्रायव्हर जोतीरामने लायटरच्या खोबणीत एफएम ट्रान्समीटर खुपसला. फोनवरचं रेडिओवर ऐकू येतं. पण साताऱ्यात मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी कराड येईतो दुसऱ्या स्टेशनाखाली दबते. तू फोनवर बोलून पाठवलेला अकरा मिनिटांचा निरोप त्या खरखरीत गेला, नीट कळला नाही, असं मी लिहिलं. तू फक्त ‘बरं’ म्हणालीस.

मग आठवडाभर मी त्या खरखरीच्या हात धुऊन मागे लागलो. शेजारचा मोबाइल चार्जर उपसला, तशी रेडिओतली शिट्टी थांबली. मोडकी एरियल बदलली. फोनचा आवाज वाढवला, रेडिओचा उतरवला. जोतीराम सातारा ते मिरज मोकळ्या फ्रिक्वेन्सींचे आकडे टिपत आला. आवाज लख्ख झाला. तरी तुझा निरोप मी लावेना. शेवटी तोच म्हणाला, “आवं आबा, आता लावा की ताईचं! का अजून खरखर हुडकायचीया?” मी त्याच्यावर खेकसलो. कारण त्यालाही ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी, कराडच्या बऱ्याच आधी, उंब्रजच्या अलीकडे, आम्ही दोघांनी तुझा शब्दन्‌शब्द ऐकला होता.

‘आबा, तुमच्या भाषणातून मला काढा,’ असं तू म्हणाली होतीस. तू मिरजेच्या दवाखान्यात एका पेशंटला सलाईन लावत असताना त्याच्या बहिणीने तुला विचारलं, हुंड्यापायी नेसत्या साडीनिशी हाकललेली ती तूच का? नऊ वर्षं मी तुझं दुःख गावोगाव सांगतोय. बाया रडतात, पोरं हुंडा न घेण्याच्या शपथेला हात वर करतात. काम चांगलंच आहे, आजही म्हणेन. पण जगातल्या लेकींच्या हक्कासाठी घसा फोडणाऱ्या या बापाने स्वतःच्या लेकीला एकदाही विचारलं नाही.

काल शिराळ्यात सभा होती. तुझं नाव घ्यायचं नाही, असं ठरवून उभा राहिलो. अर्ध्या तासात माणसं उठायला लागली. पुढच्या रांगेतले नानासो ओरडले, “आबा, कायदा ऱ्हाऊ द्या, लेकीचं सांगा की!” आणि संयू, माझ्या तोंडून निघून गेलं, “माझी संयोगिता...” सगळं मैदान चिडीचूप. त्या शांततेची मला चटक आहे, कबूल करतो. मग म्हणालो, तिनं मनाई केली आहे, आणि तिचंच बरोबर आहे. खाली उतरलो. एक टाळी पडली नाही.

कुणीतरी ते फोनवर टिपलंय आणि ते फिरतंय. आज ना उद्या तुझ्यापर्यंत येईल. माझ्या आवाजात तुझं नाव ऐकलंस की तू तिथंच बंद करशील, आणि तुझं काही चुकणार नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. बंद करू नकोस, बाळा. पुढचं ऐक.

तुझाच,
आबा