लय म्हंजी किती?

गुरुजी,

आज सांगलीहून परत येताना एसटीत खिडकीशी बसलो आणि तुमच्याशी बोलायलाच लागलो. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं तेव्हा तोंड मिटलं. म्हटलं, घरी जाऊन लिहावं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या वडूजला कॉम्प्युटर कुणी पाहिलाही नव्हता. मी पुढं तेच शिकवत आयुष्य काढलं, आणि निवृत्त झाल्यावरही इस्लामपूरजवळच्या एका कॉलेजात जात असतो. पदवीच्या मुलांना संशोधनाची सुरुवात करून द्यायची, एवढंच माझं काम. बाकीचं त्यांचं ती करतात, आणि बऱ्याचदा माझ्यापेक्षा चांगलं करतात.

तुम्हाला आठवतो का तो तास? दुपारची वेळ, पत्र्यावर कावळ्यांची पावलं वाजताहेत, आणि तुम्ही पुस्तक मिटून डोळे अर्धे झाकून म्हणता, "कवितेला लय पाहिजे." मी पहिल्या बाकावरून विचारतो, "लय म्हंजी किती, गुरुजी?" अख्ख्या वर्गात हसू फुटलं. आमच्या घरात लय म्हणजे पुष्कळ, दुसरी लय कुणी ऐकली होती! मी हात पुढं करून छडीची वाट बघत उभा. तुम्ही मात्र हसलातही नाही. खडू बोटांत फिरवत म्हणालात, "गड्या, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. दोन्ही शब्द कानाला सारखेच. मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? मला ठाऊक नाही. तू उद्या बाजारात जा, माणसं बोलतात ते ऐक, आणि मला येऊन सांग." मोठ्या माणसानं 'मला ठाऊक नाही' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. त्या दिवसापासून तुम्ही मला देवासारखे वाटायला लागलात. देवसुद्धा एवढं कबूल करत नसावा.

मी बाजारभर कान देऊन हिंडलो. भाजीवाल्या मावशीनं विचारलं, "काय रं, हरवलास का काय?" म्हटलं, "न्हाई, ऐकतोय." दुसऱ्या दिवशी छाती काढून वर्गात सांगितलं की कवितेतल्या लयीला शेपूट लागतं, लयीत, लयीनं, लयीला, आपल्या 'लय'ला शेपूट लागत नाही. तुम्ही ते फळ्यावर लिहिलंत. तेवढ्यात पेठेतल्या दुकानदाराचा मुलगा मागून म्हणाला, "मग 'लयच भारी' म्हणत्यात ते? च हाय की शेपटाला!" मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. फळा पुसावा म्हणून मी पुढंही झालो. तुम्ही माझा हात धरलात. माझ्या नियमाखाली त्याची हरकत लिहिलीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणि म्हणालात, "नियम ह्याचा, अडचण त्याची, आणि दोन्ही मिळून शोध आपल्या वर्गाचा." शनिवारपर्यंत ते पुसू दिलं नाहीत. गणिताच्या मास्तरांनी उरलेल्या कोपऱ्यात भागाकार घातले.

आता माझ्याकडं मुलं येतात ती म्हणतात, "सर, टॉपिक द्या." एखादा थेट कॅन्सर ओळखायला निघालेला असतो. मी टॉपिक देत नाही. म्हणतो, आधी घरातल्या माणसाला यंत्राशी बोलू द्या, आणि यंत्र कुठं चुकतं ते घेऊन या. यंदा कुंडलची एक मुलगी आली, तिसऱ्या वर्षाची. बोललेलं मराठी ऐकून इंग्रजीत उतरवणारा एक छोटा प्रोग्रॅम मुलांनी जोडला होता. त्यापुढं तिनं आजीचा आवाज लावला, "गुडघं लय दुखत्यात." यंत्रानं जे इंग्रजी लिहिलं त्याचा अर्थ निघत होता, गुडघ्यांचा ताल दुखतो आहे. पोरं बाकं बडवून हसली. मला, खरं सांगतो, ती ओळ कवितेचीच वाटली. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "सर, आजी डॉक्टरापुढं बी हेच बोलणार. तवा बी हे ताल धरणार व्हय?"

तिला वाट मिळाली होती. मी नुसता सोबत चाललो. पहिला शोधनिबंध हातात घेऊन ती रडकुंडीला आली, तेव्हा सांगितलं, बाई, हे पोथीसारखं पहिल्या ओळीपासून वाचायचं नसतं. आधी तक्ते बघ, मग शेवट बघ, मधलं हळूहळू. मग दुसऱ्या कुणी केलेला प्रयोग जसाच्या तसा करून बघ. त्यांचा निकाल तुझ्या हातून आला की मग स्वतःचं काही म्हण. ती महिनोन्महिने खपली. गावोगाव माणसं बोलती केली, यंत्राला ऐकवली. बरोबरीची पोरं नोकरीच्या मुलाखतींना सूट शिवत होती आणि हिला चिडवत होती, "काय गं, अजून लयच चाललंय का?" शेवटी आजीचं वाक्य यंत्राला नीट कळलं. तिनं फोनवर आजीला ते मराठीत करून सांगितलं, तर आजी म्हणाली, "व्हय, पर गुडघं अजून दुखत्यातच की."

आणि मग जतकडची माणसं ऐकवली, तिथं सगळं कोसळलं. त्यांचं बोलणं कानडी वळणाचं, शब्द लांबवून बोलायचे, आणि यंत्रानं पुन्हा ताल धरला. सांगलीला विद्यार्थ्यांचं संशोधन संमेलन आठवड्यावर आलेलं. ती म्हणाली, "जतचं काढून टाकते, सर. न्हाईतर मी जातच न्हाई. पहिल्या वर्षाला माझ्या बोलण्यावर हसलेत, आता कामावर हसतील." गुरुजी, तिची वर्षभराची मेहनत आणि तिचा मान, दोन्ही तिथं अडकलं होतं. काढून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मी उपदेश करायला गेलो, तो मलाच पोकळ वाटला. मग तुमचा तो फळा सांगितला, दुकानदाराच्या मुलासकट. ती उठली. दप्तर उचलून गेली. दोन दिवस आली नाही, तेव्हा वाटलं, गेली ही. तिसऱ्या दिवशी येऊन कागद पुढं ठेवले. जतचा तक्ता पहिल्याच पानावर होता, आजीच्या वाक्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

आज सांगलीच्या त्या सभागृहात मी मागच्या रांगेत बसलो होतो. पोरगी उभी राहिली, छान बोलली, पुस्तकी मराठी अगदी घडी घातल्यासारखी. परीक्षकांनी नेमकं जतवर बोट ठेवलं. म्हणाले, असं का झालं? तिनं तक्त्याकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "ठाऊक न्हाई, सर." घरचंच बोलणं तोंडात आलं, आणि तिनं ते सावरलंही नाही. "पण कसं शोधायचं ते ठरवलंय." कुणी हसलं नाही. मी मात्र टाळ्याच वाजवल्या. सबंध सभागृहात मी एकटाच. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं सर, थांबा की, सांगतीय न्हवं का!" तेव्हा सगळे हसले. तीही हसली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मला कळतं. तुम्हाला म्हणून सांगतो, कसं शोधायचं ते तिनं पुढं नीट सांगितलं म्हणे, परीक्षकांनी लिहूनही घेतलं. मी तोवर तुमच्या त्या वर्गात जाऊन बसलो होतो, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. सोमवारी तिलाच विचारावं लागेल.