सेनापती मरेना

२३ जून, सोमवार
ठरलं. दिवाळीपर्यंत हे गाव सोडायचं. पुढे समुद्र, मागे डोंगर, मधे नववी ब. इतकी वर्षं इथे इंग्रजी शिकवतोय, पण बंदरावर लोक मला बोंबलाचा भाव सोडून दुसरं काही सांगत नाहीत. माझी वाढ खुंटली आहे.
पनवेलकडच्या एका इंटरनॅशनल स्कूलच्या डायरेक्टर मॅडमनी आमच्या गावात बंगला बांधलाय. त्यांना इंग्रजीचा शिक्षक हवाय असं कळलं. गाठलं. नववीची मुलं जुनी इंग्रजी शोकांतिका करणार आहेत, बघायला या म्हटलं. दोन ऑगस्टला येते म्हणाल्या. म्हणजे नोकरी मिळाल्यात जमा.
सौ.ला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

२५ जून, बुधवार
संकल्प: वर्गात मराठीचा एक शब्द नाही.
पूर्ण तास इंग्रजीत घेतला. नाटकाची गोष्ट सांगितली. म्हातारा सेनापती, हट्टी, स्वतःच्याच गडात कोंडला जातो, शेवटी मरतो. मुलं माना खाली घालून बसली होती. केवढा परिणाम! तास संपल्यावर अमिषा उभी राहिली आणि सगळ्या वर्गाच्या वतीने सॉरी म्हणाली. मी तासभर झापतोय असं वाटलं त्यांना.

२६ जून
थोडं मराठी चालेल.

३ जुलै, गुरुवार
आज शोकांतिकेचं मर्म शिकवलं. नायकात एक दोष असतो, तो सगळ्यांना दिसतो, त्याला सोडून. अमिषाने विचारलं, मग त्याला कुणी सांगत का नाही. सांगतात, पण तो ऐकत नाही, असं मी म्हणालो. फार छान तास झाला.
घरी हेच सौ.ला समजावलं. ती हसायला लागली. का ते विचारलं तर म्हणाली काही नाही, तुम्ही जेवा. मग पनवेलचंही सांगून टाकलं. हसणं थांबलं. अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्या मशीनवर शिवले जातात, ते सोडून ती कुठेही येणार नाही म्हणे. मला जायचं असेल तर जावं. बोलायची पद्धत आहे ही. येईल.

११ जुलै, शुक्रवार
सेनापती म्हणून कान्हाला निवडलं. होडीवर हाका मारून मारून आवाज कमावलाय पोराने. चार दिवसांत सगळे संवाद पाठ. अर्थ एकाचाही ठाऊक नाही, पण मरतो मात्र झकास.

१४ जुलै, सोमवार
कान्हाची आई मैनाबाई मासळीची पाटी बाहेर ठेवून थेट वर्गात. म्हणाली, पुनवेला दर्याला नारळ द्यायचा, मग मानसं होड्या घेऊन जानार, आनि त्याच्या तोंडावर माझा पोरगा पांढऱ्या चादरीखाली निजवताव तुमी? मी शांतपणे सांगितलं, ही अॅक्टिंग आहे. तर म्हणाली, अॅक्टिंगच करायची हाय ना, मग जेवायची करा, लग्नाची करा. मरायची न्हाय.
अडाणीपणा. उद्या दुसरा सेनापती.

१८ जुलै, शुक्रवार
परेशची आजी येऊन गेली. मग शुभमची आई. शुभमचे वडील एसटीत कंडक्टर, म्हटलं यांना होडीचं काय. पण मामाची होडी आहे. मग मुलींना विचारलं. हेमाली तयार झाली आणि मधल्या सुट्टीत घरी विचारून नाही म्हणाली.
वर्गात मरायला एकही मूल शिल्लक नाही. मॅडमना दाखवू काय? रडू येतं कधीकधी. या गावात मी असाच सडणार.

२२ जुलै, मंगळवार
सुचलं! मीच मरतो. उलट हे बरंच झालं, मॅडमना थेट माझंच काम दिसेल. नियतीची योजना. सौ. म्हणाली, आधी मैनाबाईला विचारून घ्या. माझ्या मरणाला मैनाबाईची परवानगी कशाला?

२९ जुलै, मंगळवार
तालीम जोरात. मुलांचे संवाद कमी करून माझं मरण लांबवलंय. एकाही आईची तक्रार नाही. शेवटी कळू लागलं लोकांना. फक्त मी मरायला लागलो की कान्हा आणि अमिषा कोपऱ्यात जाऊन कुजबुजतात. भारावली असतील.

२ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी
जमेल तसं लिहितो.
मॅडम पहिल्या रांगेत. मी सुंदर मेलो. अंगावर चादर पडली. आता पडदा पडायचा, तर मैनाबाईचा आवाज, सर पन आपल्याच गावचं हायत, उठवा त्यान्ला. आयांचं आधीच ठरलेलं होतं. पुनवेआधी गावातलं कुणीही मरायचं नाही, त्यात मीही आलो. कान्हाने तोंडावर कळशीभर पाणी ओतलं. मी डोळे उघडले नाहीत, कलेशी प्रामाणिक राहिलो. मग चौघांनी बखोटीला धरून उभं केलं. मी परत पडलो. परत उभं केलं. अमिषा इंग्रजीत ओरडली, सर इज ओके. लोकांनी बाकं बडवली. मॅडम डोळे पुसत होत्या. हसून हसून.
नंतर बोलायला गेलो. फार वर्षांत इतकी हसले नव्हते म्हणाल्या. मी नोकरीचा विषय काढला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, सर, ज्याला गाव मरू देत नाही त्याला मी उचलून नेलं तर मला इथे बंगल्यात राहता येईल का? नोकरीवर दुसऱ्या कुणाला तरी घेणार म्हणे.
मला जायचं होतं. खरंच जायचं होतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा
मैनाबाईने घरून बोलावून बंदरावर नेलं. सौ. आधीच तिथे, नव्या साडीत, बायकांच्या घोळक्यात. मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. जिवंत.
मॅडमनी शाळेला नाटकासाठी नवा पडदा भेट दिलाय. दरवर्षी सेनापती मीच करायचा, असं आयांनी ठरवलंय म्हणे. अट एकच, मरायचं नाही.