पंखातला पाना

२८ मे २००६, रविवार. भाईंदर (प.)

चौघांचेही व्हिसा आले. सौ. आणि सुमनताई, दोघी बहिणी, सकाळपासून फोनवर: लोणचं कोण नेणार, मेतकूट कोण. लेस्टरहून वर्षाचा फोन. "बाबा, इथे गाडी तुम्ही चालवायची नाही हं." मी म्हटलं, बघू. इंटरनॅशनल परवाना लेकीला न सांगता आधीच काढून ठेवलाय.

संध्याकाळी अण्णा मुर्ध्याहून चालत आले. तीस वर्षं साडू आहोत, पण या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागितलं. एअर फोर्समध्ये फिटर असताना ज्या बाँबरवर काम केलं, ते विमान आपल्या सरकारने इंग्लंडला भेट दिलं; आता तिथल्या एका म्युझियममध्ये उभं आहे. तसलं नव्हे, तेच. शेपटीवरचा नंबर वर्षाच्या नवऱ्याने कॉम्प्युटरवर शोधून दिला.

"एकदा बघायचंय, वसंतराव." एवढंच बोलले. चहा अर्धा ठेवून गेले.

मी आयुष्यभर माझ्या युनिटमध्ये स्टीलच्या डब्यांचे प्रेस ऐकले. आतला साचा सरकायच्या आधी आवाज बदलतो, अगदी थोडा. अण्णांचा तसा बदलला होता.

९ जून, शुक्रवार. लेस्टर

गाडी घेतली. लहान, चंदेरी. स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडून, आपल्यासारखंच. वर्षा रुसली. काउंटरवरच्या पोरीने गाडीभोवती फिरून एकेक ओरखडा कागदावर मांडला आणि सही घेतली. लग्नाच्या बोलण्यातसुद्धा मुलीला इतकं बघत नाहीत.

आवारातून बाहेर पडेपर्यंत ऐकलं. मागचं डावं चाक. परत वळवली. म्हटलं, बेअरिंग चाललंय. पोरगी म्हणाली, सर, कालच सर्व्हिस झालीय. म्हटलं, मॅनेजरला बसव. त्याने एक चक्कर मारली, उतरला, दुसरी किल्ली दिली. ही लाल.

अण्णा मागे बसून सगळं बघत होते. "तुमच्या कानाला भ्यायला हवं," म्हणाले. हसले नाहीत.

१० जून, शनिवार

बायका वर्षाकडे. आम्ही दोघंच. दुसऱ्या महायुद्धातलं जुनं विमानतळ बघितलं. विमानतळ कसलं, सातूचं शेत. मधून फुटकं काँक्रीट, कडेला कंट्रोल टॉवर, आत कबुतरं. शेतकरी गप्पिष्ट. त्याच्या बापाने इथून विमानं जाताना मोजली होती आणि येतानाही. येताना कमी. मी दहा प्रश्न विचारले. अण्णांनी एकही नाही. घड्याळ बघत होते. या माणसाला विमानतळात रस नाही, फक्त त्या एका विमानात.

इथे हॉर्न कुणी वाजवत नाही. हात शिवशिवतो.

११ जून, रविवार

आज ते म्युझियम करायचं होतं. नाही झालं. चूक माझी.

खेड्यातला अरुंद पूल, जेमतेम दीड गाडीचा. पलीकडे व्हॅन उभी. मी दिवे दोनदा मारले, काशिमिऱ्याच्या नाक्यावर मारतो तसे: मी येतोय, थांब. आणि घातली गाडी. तोही निघाला! मधोमध गाठ. दोघांचे उजवे आरसे गेले, माझं दार सोललं.

उतरला. प्लंबर. लाल तोंड. "तुम्ही दिवे मारलेत!"

"मारले की!"

"म्हणून तर मी आलो!"

"म्हणून तर थांबायचं!"

मग उलगडा झाला. इथे दिवे मारले की समोरचा म्हणतो, या, तुम्ही आधी. आपल्याकडे त्याचाच अर्थ, आलास तर बघ. त्याला सांगितलं. एवढा हसला की पुलाचा कठडा धरला. "मग तुमच्याकडे 'आधी तुम्ही' कसं सांगतात?" विचार केला. म्हटलं, तसं कुणी सांगत नाही.

आरसा बसवून घेण्यात दुपार गेली. पोचलो तेव्हा म्युझियम बंद होत होतं. जवळच्या गावात एका बाईंच्या घरी खोली घेतली.

जेवून मागच्या बागेत बसलो. साडेसात वाजलेले, लख्ख ऊन. अण्णा म्हणाले, "बरं झालं उशीर झाला. सकाळी परत फिरू." मग स्वतःच बोलायला लागले. आठवेल तसं लिहितो.

पुण्याच्या हवाई तळावर अण्णांबरोबर पास्कल होता. आपल्या भाईंदरजवळच्या डोंगरीचा, खाडीकडचाच. प्रत्येक फिटरची स्वतःची पेटी, पेटीतल्या प्रत्येक हत्यारावर पेटीचा नंबर कोरलेला. पास्कलची पेटी सात. काम संपलं की हत्यारं मोजायची, एक जरी कमी भरलं तरी विमान उडत नाही. एका संध्याकाळी पेटी सातमधला एक पाना कमी. दोन दिवस विमान पिंजून काढलं, मिळाला नाही. कुणीतरी म्हणालं, बाजारात विकला असेल. चौकशी बसली.

"मला विचारलं, तू नेला होतास का. मी नाही म्हणालो."

"नेला होता?"

"सकाळीच. पंखात काम होतं. परत दिला की नाही, तेच आठवेना. प्रमोशनची यादी लागायची होती. पुढच्या महिन्यात लग्न."

"त्याने तुमचं नाव नाही घेतलं?"

"घेतलं ना. विश्वास माझ्यावर बसला."

पास्कलची नोकरी गेली, कागदावर चोर म्हणून. अण्णांना बढती मिळाली.

आता हिशेब असा: म्युझियमवाल्यांनी डागडुजीला विमान सगळं उघडलंय; पाना पंखात निघाला, तर अण्णाच विसरले. नाही निघाला, तर कदाचित परत दिला होता. "चाळीस वर्षं त्या 'कदाचित'वर काढली, वसंतराव. उद्या तेही जाईल."

मी म्हटलं, खोलीच्या भाड्यात न्याहारी आहे. ती खाऊ, मग बघू.

१२ जून, सोमवार

खाल्ली. गेलो.

विमान केवढं! चार इंजिनं. पोट आपल्या सोसायटीच्या जिन्याएवढं. अण्णा उजव्या पंखाखाली जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून. दोरीच्या आत पाय टाकला नाही.

तिथे एक म्हातारा, हॅरी. ही सगळी विमानं असले हौशी म्हातारेच पुसतात, पगार नाही. त्याच्याशी पॉलिशवर बोललो. पत्रा कशाने चमकवता, कुठला साबण. धंद्याची गोष्ट निघाली की माणूस मोकळा होतो. मग सहज विचारलं, उघडलं तेव्हा आत काय काय निघालं? खूश झाला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला.

आपली नाणी. पेन्सिल. शर्टाचं बटण. विडीच्या बंडलाचा गुलाबी कागद. आणि पाना.

हॅरी म्हणाला, उजव्या पंखातून, पत्र्याच्या दुहेरी घडीत अडकलेला. पंख पूर्ण उतरवल्याशिवाय दिसलाच नसता.

अण्णांनी चष्मा लावला. पाना हातात घेतला, उलटा केला, अंगठा फिरवला. हॅरी म्हणाला, हे तुमच्याकडचं का? अण्णा इंग्रजीत म्हणाले, "नाही. आमच्याकडचं नाही." आणि डब्यात ठेवला. हळूच. आवाज होणार नाही असा.

सात होता. माझ्या बाजूने स्पष्ट दिसत होता.

परतताना एका गोल चौकात बाहेरचा रस्ता चुकला म्हणून तीन फेऱ्या मारल्या, तरी अण्णांनी घड्याळ बघितलं नाही.

१४ जून, बुधवार. लेस्टर

गाडी परत केली. तीच पोरगी. सोललेलं दार बघून कागदावर बराच वेळ लिहीत होती. म्हणाली, चाकाचं तुम्ही बरोबर सांगितलं होतं.

सुमनताईंनी विचारलं, विमान कसं होतं हो? अण्णा म्हणाले, "मोठं."

२७ जून, मंगळवार. भाईंदर

येऊन दोन दिवस झाले. युनिट बरं चाललंय, माझ्यावाचूनही. हे जरा खटकलं.

सौ.च्या कानावर सुमनताईंनी घातलंय की अण्णा जेवत नाहीत. "विमान बघून माणूस खुलायला हवा होता गं." त्यांना काही माहीत नाही.

बोलावं का मी? प्रकरण माझं नाही. पण ऐकून बसलोय. युनिटमधून आजवर दोन माणसं चोरीवरून काढली. एकाबद्दल खात्री होती.

२९ जून, गुरुवार

भाजी घेऊन बसणाऱ्या डोंगरीच्या बाईला विचारलं, तुमच्याकडे कुणी पास्कल, फोर्समधून आलेला?

"हाय ना. त्याला काय व्हतंय! डोळं गेल्यात, तोंड न्हाय गेलं." मग गवारीवर हात ठेवून म्हणाली, "तुमाला कशाला पायजे? त्याच्याकडं कोन येत न्हाय."

अण्णांना मुर्ध्याला राहून अठरा वर्षं झाली. डोंगरीची बस रोज त्यांच्या दारावरून जाते. त्या बाजूला कधी गेले नाहीत. आम्ही त्याच रस्त्याने पुढे उत्तनला ताजी मासळी आणायला निघायचो, तेव्हा यांचं काहीतरी दुखायचं. आता कळतंय.

१ जुलै, शनिवार

अण्णांचा फोन. "डोंगरीची बस किती वाजता असते हो?"

मी म्हटलं, बस तुमच्या दारावरून जाते आणि विचारता मला?

अण्णा म्हणाले, "तुम्ही याल का बरोबर?"

२ जुलै, रविवार. डोंगरी

पावणेबारा. हे इथे चर्चच्या आवाराच्या कठड्यावर बसून लिहितोय.

बसमध्ये अण्णांनी विचारलं, "सात वाचला होतात ना तुम्ही?"

"वाचला."

"मग तिथेच का नाही बोललात?"

म्हटलं, चौकशीला मी नव्हतो.

घर कौलारू, पुढे अंगण, दारावर क्रूस. सुनेने बसायला सांगितलं. "बाबा वाडीत हाय, येतीलच." आम्ही ओट्यावर बसलो. अण्णांनी रुमाल काढला, घडी घातली, परत काढला. मी म्हटलं, पाणी पिता का? म्हणाले, नको, नंतर.

मग तो आला. अण्णांपेक्षा उंच, खांद्यात वाकलेला, हातात पपई. अंगणाच्या तोंडाशी थांबला. मान कलती करून आमच्या दिशेने बघितलं, पण नेमकं नाही.

"कोन हाय? मला बरोबर दिसत न्हाय. बोला म्हंजे कळंल."

अण्णा उठले. तोंड उघडलं.

तेव्हा मी निघालो. माझे कान मला माहीत आहेत. अंगणात, दारात, गल्लीच्या तोंडाशी, कुठेही थांबलो असतो तरी शब्दन्‌शब्द आला असता. म्हणून इथवर आलो. इथून घर दिसतं, ऐकू येत नाही. येताना कान मागे वळत होते, पाय नाही वळू दिले.

पंधरा मिनिटं झाली. अण्णा बोलताहेत, हात हलताना दिसतात. सून एकदा दारात येऊन आत गेली. पास्कलने पपई ओट्यावर ठेवली, चाचपत एक खुर्ची ओढली, पुढे सरकवली.

अण्णा अजून उभेच आहेत.